पलीकडचा सांधा

"कुरकुर करणाऱ्या माणसाला गप्प कसं करायचं, बाबा?"

त्र्यंबक मिस्त्रीनं हा प्रश्न मठाच्या पायरीशी चपला काढता काढताच विचारला. नमस्कार मागाहून केला.

उमरावगीर महाराज ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण कुरकुरतो?"

"सुपडू. माझा धाकटा भाऊ."

"काय म्हणतो?"

"काय म्हणत नाही ते विचारा. सकाळी डोळा उघडला की सुरू. हे नाही, ते नाही, तू बघत नाहीस, तुला दिसत नाही... कान किटले माझे."

महाराजांनी एक शेंग फोडली. दाणे सुपात टाकले.

"बस," ते म्हणाले.

तापीच्या काठानं, केळीच्या बागांमागं जी पाच-सात गावं आहेत, तिथं त्र्यंबक मिस्त्रीला ओळखत नाही असा माणूस नव्हता. लग्नात मुलीला पलंग द्यायचा तर तो त्र्यंबकच्याच हातचा. शाळेची कपाटं त्याची, चावडीतलं टेबल त्याचं. त्यानं केलेल्या खुर्चीत कितीही जाड माणूस बसो, आवाज येणार नाही. आणि दुसऱ्यानं केलेली वस्तू कुरकुरायला लागली की लोक त्यालाच बोलावत. तो यायचा, सायकल भिंतीला लावायचा, वस्तू नुसती एकदा हलवून बघायचा आणि सांगायचा, दुखणं कुठं आहे ते.

त्याला याचा अभिमान होता. का नसावा? खरंच तसा हात गावोगाव शोधून सापडला नसता.

ही विद्या त्याला वडिलांकडून मिळाली होती. आप्पा मिस्त्री त्याच्याहून मोठे कारागीर. पण आप्पांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता ते घराच्या मागच्या खोलीत पलंगावर पडून असत. त्र्यंबकची बायको स्वयंपाकपाणी आणि गोठा बघे. आप्पांना उठवणं, बसवणं, कूस बदलणं, कपडे बदलणं, सगळं सुपडूकडे. सुपडूही मिस्त्रीच. नक्षी कोरायचा. आता मात्र त्याच्या हत्यारांना गंज चढत होता.

"आणि मी काय मोकळा बसतो का?" त्र्यंबक महाराजांना सांगत होता. "दिवसभर या गावाहून त्या गावाला. घर चालतं ते कुणाच्या जिवावर? आता मी ठरवलंय. आप्पांसाठी पगारी माणूस बघितलाय. सुपडूला मामाकडे पाठवतो, बऱ्हाणपूरला. तिथं कारखाना आहे, काम मिळेल. घरात शांतता होईल."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

त्र्यंबक जरा घुटमळला.

"आप्पांनी जन्मभर या मठाचा शब्द मोडला नाही. तुम्ही एकदा हो म्हणालात, म्हणजे... लोक बोलणार नाहीत."

महाराज उठले. सूप बाजूला ठेवलं. ओट्याच्या कोपऱ्यात त्यांची जुनी सागवानी खुर्ची होती, हातांची. ते तिच्यात बसले.

कर्रर्र...

ते जरा मागं रेलले.

कर्रर्र...

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"पावसाळा सरल्यापासून बोलते आहे. भजन चालू असलं तरी बोलते. कोणी चार शब्द मनातले सांगायला आलं की मध्येच बोलते. कुठून बोलते, सांगशील?"

हे त्र्यंबकचं राज्य होतं. त्यानं महाराजांना उठायची विनंती केली, गुडघे टेकले, खुर्चीच्या पाठीवर एक हात ठेवला आणि ती हळूच हलवली. डोळे मिटून ऐकलं.

"मागचा डावा पाय."

"नक्की?"

"बाबा..." त्र्यंबक हसला. हे विचारायचं का, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"मग काढ तो पाय."

"अं?"

"काढून टाक. कुरकुरतो ना? दुसरा बसव. लाकूड मठात पडलंय."

त्र्यंबकला वाटलं, महाराज थट्टा करताहेत. पण ते गंभीर होते.

"बाबा, या पायाला काही झालेलं नाही. बघा." त्यानं बोटाच्या पेरानं पायावर टकटक केलं. "कसा वाजतो! जुना साग आहे. असा पाय आता शोधून मिळायचा नाही."

"मग कुरकुरतो कशाला?"

"सांगतो. तुम्ही इकडं या. इथं, पुढच्या उजव्या पायाशी, या सांध्यावर बोट ठेवा. आता मी हलवतो."

महाराज खाली बसले. वाकून त्यांनी सांध्यावर बोट ठेवलं. त्र्यंबकनं खुर्ची हलवली.

"हललं," महाराज म्हणाले. शाळेतल्या पोरासारखे डोळे मोठे झाले त्यांचे. "पण आवाज नाही आला."

"नाहीच येणार! हा सुटलाय. याचं आतलं कुसू, म्हणजे ही जी दांडी खाचेत बसलेली असते ती, सैल झाली आहे. यानं आपलं अंग गुपचूप काढून घेतलं. मग याच्या वाट्याचा भार जाणार कुठं? तो जातो पलीकडं, त्या मागच्या पायावर. तो दोघांचं वजन एकटा घेतो. पिळवटतो. म्हणून करकरतो." त्र्यंबक रंगात आला होता. "अडाणी माणूस काय करतो माहिती आहे? जो पाय बोलतो त्यात खिळा ठोकतो. चार दिवस गप्प बसतो तो. मग एक दिवस उभा फाटतो, आणि बसलेला माणूस खाली."

महाराजांचं बोट अजून सांध्यावरच होतं.

"म्हणजे जो बोलतो..."

"त्याच्यावर भार आहे."

"आणि जो बोलत नाही..."

"तो सुटलेला."

हे त्र्यंबक मोठ्या डौलात म्हणाला.

महाराज त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. बघण्यात खोट नव्हती. खरं कौतुक होतं.

"काय कान दिलाय रे तुला देवानं," ते हळूच म्हणाले. "लाकडाचं ऐकू येतं तुला."

त्र्यंबक खुलला. त्यानं हत्यारांची पिशवी उघडली.

त्यानं काम केलं ते बघण्यासारखं होतं. लाकडी मोगरीला फडकं गुंडाळून त्यानं सांध्यावर अशा बेतानं ठोके दिले की दांडी खाचेतून आपण होऊन बाहेर आली. जुना सरस वाळून पीठ झाला होता. तो त्यानं पटाशीच्या टोकानं खरवडून काढला, पण लाकडाला ओरखडा उठू दिला नाही. सैल झालेल्या कुसवावर सागाची कागदासारखी पातळ कपची चिकटवली, ती घासून बरोबर केली. चुलीवर नवा सरस कढवला. सांधा बसवला, चारी पायांना दोरीचा वेढा घातला आणि दोरीत काडी अडकवून पीळ देत गेला.

महाराज शेजारी मांडी घालून बघत होते. शेंगा विसरून गेले होते.

"अजून आवळणार?"

"थोडं. लाकूड लाकडाला भिडलं पाहिजे. पण गळा आवळल्यासारखं नाही. त्यालाही उन्हापावसात हलायला लागतं."

"वा..."

काडी एका जागी अडकवून त्र्यंबक मागं सरला. कपाळाचा घाम पुसला.

तेव्हा महाराजांनी विचारलं, "आप्पांचा पलंग कुरकुरतो का रे?"

त्र्यंबकचा हात कपाळावरच राहिला.

"पलंग? तो... आप्पांनी स्वतः केलेला आहे, बाबा. आईला आणलं तेव्हाचा."

"ते नाही विचारलं."

त्र्यंबकनं आठवून बघितलं. गावातला कुठला पलंग कुठल्या सांध्यात बोलतो ते तो झोपेत सांगू शकला असता. तलाठ्याचा, सरपंचाच्या सुनेचा, शाळेतल्या मास्तरांचा...

"माहीत नाही, बाबा."

"तुझ्याच घरात आहे ना?"

"हो. मागच्या खोलीत."

महाराज उठले. सूप पुढं ओढलं.

"जा, ऐकून ये. मग सुपडूचं काय ते बघू."

त्र्यंबक घरी पोचला तेव्हा दुपार कलली होती. एरवी तो मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभा राही, "कसं काय आप्पा?" असं विचारी, आणि उत्तर येणार नाही हे ठाऊक असल्यामुळं लगेच वळे. आज तो आत गेला आणि जमिनीवर भिंतीला टेकून बसला.

सुपडू आप्पांचे पाय चोळत होता. त्यानं वळून बघितलं.

"आज वाट चुकलास का दादा?"

त्र्यंबकनं मांडी घातली.

"बसलाच आहेस तर ती खिडकी बघ. लागत नाही. वारं सरळ आप्पांच्या अंगावर येतं. सांगून सांगून तोंड दुखलं माझं. गावभरच्या खिडक्या तुला दिसतात... आणि ही गादी. मध्ये खड्डा पडलाय. आप्पांची पाठ सोलवटते. पण ऐकतंय कोण? सुपड्या बोलतो, बोलू दे..."

बोलता बोलताच सुपडूनं एक हात आप्पांच्या मानेखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि त्यांना भिंतीकडच्या कुशीवर वळवलं.

त्र्यंबक कान देऊन होता.

पलंगातून काहीच आवाज आला नाही.

हे त्याला पटेना. इतका जुना पलंग, इतकी हलवाहलव, आणि एकही सांधा बोलत नाही? तो हातांवर रांगत पलंगाखाली गेला. खाली उजेड कमी होता. त्यानं बोटांनी चाचपलं.

एकेका सांध्यात चिंध्या होत्या. आप्पांच्या जुन्या धोतराच्या. घडी घालून, मेणात बुडवून, अंगठ्यानं दाबून दाबून बसवलेल्या. एक झिजली की तिच्यावर दुसरी. सगळे सांधे मोकळे झाले होते. पलंग उभा होता तो त्या चिंध्यांवर.

हे काही मिस्त्रीचं काम नव्हतं. पण त्र्यंबकनं एवढ्या निगुतीनं केलेलं काम फार थोडं पाहिलं होतं.

तो तसाच खालून बोलला.

"तुला येतं की रे सांधा भरायला. मग या चिंध्या का?"

"रात्री कूस वळवली की करकरायचा," वरून सुपडूचा आवाज आला. "आप्पा दचकून जागे व्हायचे. डोळ्यांतून पाणी यायचं त्यांच्या. स्वतः केलेला पलंग ना... लाज वाटायची त्यांना."

त्र्यंबकनं एक चिंधी अंगठ्यानं दाबून बघितली.

"नीट करायचं तर पलंग उघडायला लागतो. पलंग उघडायचा तर आप्पांना खाली घेऊन धरून बसायला लागतं. जमिनीवर नुसतं ठेवून चालत नाही, श्वास अडकतो. एकजण धरणार, एकजण उघडणार. दोन माणसं लागतात. तुला सांगितलं होतं मी."

"कधी?"

"रोज."

त्र्यंबक पलंगाखालून बाहेर आला. त्याच्या केसांना जळमटं लागली होती. ती त्यानं झटकली नाहीत.

"हत्यारं घे," तो म्हणाला. "माझ्या पिशवीत आहेत. सरस पण आहे."

"आणि आप्पांना?"

"मी घेतो."

"तुला नाही जमायचं दादा. कंबर धरेल. मी घेतो, तू पलंग बघ. तुझं काम आहे ते."

"मी घेतो म्हटलं ना!"

त्यानं आप्पांच्या काखेत हात घातला.

"मानेखाली!" सुपडू ओरडला. "मानेखाली हात घाल आधी! पोतं आहे का ते?... हां. दुसरा हात खाली, आणखी खाली. आता छातीशी धर. ओढू नको. तुझं अंग त्यांच्याकडं ने."

त्र्यंबकनं वडिलांना उचललं.

माणूस एवढा जड असतो, हे त्याला माहीत नव्हतं. सागाचे ओंडके त्यानं खांद्यावरून वाहिले होते. पण ओंडका आपलं वजन एका जागी ठेवतो. आप्पांचं वजन सगळीकडून निसटत होतं. तो तोल सावरत भिंतीशी बसला आणि त्यांना मांडीवर घेतलं. आप्पांचा चांगला, डावा हात वर आला, चाचपडला, आणि त्यानं त्र्यंबकच्या सदऱ्याची गळपट्टी घट्ट धरली.

सुपडूनं पटाशी उचलली. अंगठ्यानं धार बघितली.

"धार बरी ठेवलीस," तो म्हणाला. जणू तीही तक्रारच.

मग तो कामाला लागला. त्यानं गादी काढली, फळ्या काढल्या, चिंध्या एकेक करून उपसल्या. सांधे उघडले. साग तासायला घेतला तेव्हा कांद्याच्या पापुद्र्यासारखी ढलपी वळत वळत खाली आली. त्र्यंबक बघत राहिला. किती दिवसांत त्यानं या पोराच्या हातात हत्यार बघितलं नव्हतं! नक्षीदाराचा हात तो. त्र्यंबकहून हलका. खरं सांगायचं तर, सरस. आणि हा हात आपण बऱ्हाणपूरच्या कारखान्यात फळ्या मोजायला पाठवणार होतो...

सुपडूची कुरकुर चालूच होती. मेण चिकट आहे, उजेड कमी आहे, हा सांधा कुणी गाढवानं कापला... आणि सांधा तर आप्पांनीच कापलेला. मांडीवरचे आप्पा घशातून काहीतरी आवाज काढत.

ऊन खिडकीतून सरकत पलीकडच्या भिंतीवर गेलं. त्र्यंबकच्या पायांना मुंग्या आल्या. मग पाय बधिर झाले. दंड भरून आले, मान अवघडली. आप्पांची मान सरळ राहिली पाहिजे, म्हणून त्याला हलता येईना. तो दातावर दात ठेवून बसला. आणखी बसला...

"अरे लवकर उरक की!" एकदम त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "हात गेले माझे इथं! तुला काय, तू मोकळा आहेस. मला इथं अडकवून ठेवलंय, नि बघत पण नाही कोणी..."

सुपडूचा हात थांबला. त्यानं वळून भावाकडे पाहिलं.

त्र्यंबकही थांबला. आपणच काय बोललो ते त्याच्या कानात घुमत होतं.

सुपडूला हसू फुटलं. आधी बारीक, मग पोट धरून. मोगरी हातातून पडली त्याच्या. आणि आप्पांचा तोंडाचा जो कोपरा अजून त्यांचा होता, तो थरथरला, वर गेला. घशातून खर्र खर्र असा आवाज येऊ लागला. त्र्यंबक घाबरला. मग त्याला कळलं, आप्पा हसताहेत.

दोरीला पीळ दिला तेव्हा दिवेलागण झाली होती. ती रात्र दोघा भावांनी आप्पांना आळीपाळीनं मांडीवर घेऊन काढली.

सरस वाळायला वेळ द्यावा लागतो. पुढं काही दिवसांनी त्र्यंबक सकाळीच मठात आला. महाराजांच्या खुर्चीची दोरी सोडली. खुर्ची चारी बाजूंनी हलवून बघितली आणि बाजूला उभा राहिला.

महाराज बसले. रेलले. डावीकडे कलले, उजवीकडे कलले.

काही आवाज नाही.

"वा," ते म्हणाले. खुर्चीच्या हातावरून प्रेमानं तळवा फिरवला. "काय माणूस आहेस! मुकी केलीस ना रे."

"पाय तोच आहे, बाबा."

"दिसतंय मला."

मागं बागेत केळीची पानं वाऱ्यानं सळसळत होती.

"सुपडू गेला बऱ्हाणपूरला?"

"नाही."

"पगारी माणूस?"

"नको सांगितलं त्याला."

"मग कुरकुर थांबली का?"

त्र्यंबकनं मान खाली घातली. पण तो हसत होता.

"नाही, बाबा. आता दोघांची चालते. दुपारपर्यंत आप्पांजवळ मी असतो, मग तो. दुपारपर्यंत तो घरातच, पुढच्या पडवीत देव्हारा कोरतो. बोलतो तसाच. आजच बघा ना. आप्पांच्या अंघोळीचं कढत पाणी मी बादलीत काढून ठेवलं आणि सायकल बाहेर काढली. तर ओरडला आतून, 'दादा, आता कुठं निघालास?' म्हटलं, बाबांच्या खुर्चीची दोरी सोडून आलोच."

महाराजांनी पायरीशी लावलेल्या सायकलीकडे पाहिलं.

त्र्यंबकला वाटलं, ही वेळ बरी आहे. इतकी वर्षं तो मठात आला, पण कधी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. तो पुढं झाला. महाराजांच्या पायांशी बसला, डोकं टेकवलं.

"बाबा... मी आंधळा होतो. मला काहीतरी उपदेश करा. आयुष्यभर धरून ठेवीन असा एक शब्द द्या."

महाराजांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

मग त्याच हातानं त्याच्या खांद्याला हलकेच ढकललं.

"ऊठ, त्र्यंबक. पाणी निवत असेल."